उरलेलं रान

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



होळी जवळ आली की आमच्या सातारा जिल्ह्यातल्या डोंगरांत रात्री एक देखावा दिसतो. एसटीने रात्रीचा प्रवास करणाऱ्यांनी तो नक्की पाहिला असेल. काळोखात डोंगराच्या अंगावर दिव्यांची माळ घातल्यासारखी एक लाल रेघ हळूहळू वर सरकत असते. लहान मुलं खिडकीतून बोट दाखवून ‘दिवाळी, दिवाळी’ म्हणतात. मोठी माणसं ‘वणवा लागलाय’ एवढंच म्हणतात आणि पुन्हा डोळे मिटतात. दोन दिवसांनी वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते. अमुक गावाच्या हद्दीत वणवा, इतके हेक्टर रान खाक, इतक्या गंजी आणि इतकी आंब्याची कलमं जळाली.

वणव्याची बातमी नेहमी जळालेल्याची असते आणि त्यात चूक काही नाही. ज्याचं जळालं त्याचं दुःख मोठं. पण आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते जे जळालं नाही त्याविषयी. वणवा विझल्यावर काळ्या डोंगरात इथे-तिथे हिरवे तुकडे राहिलेले असतात. एखादी घळ, एखादा ओढ्याचा काठ, खडकामागची पाच-पंचवीस झाडं. आपण त्यांच्याकडे ‘चला, एवढं तरी वाचलं’ म्हणून बघतो आणि विसरतो. त्या तुकड्यांचं काम वणवा विझल्यानंतरच सुरू होतं, हे मला फार उशिरा कळलं. आणि कळलं तेव्हा लाजही वाटली. लाज का वाटली, ते आधी सांगतो.

आमचं गाव सह्याद्रीच्या पायथ्याचं. गावात मुलाण्याचं घर एकच, ते आमचं. मी पाचवी-सहावीत असेन, म्हणजे १९८२ च्या आसपासची गोष्ट. गावामागचा डोंगर पेटला. दोन रात्री जळत होता. बाया-माणसं निरगुडीच्या डहाळ्या घेऊन झोडपत होती, पण वाऱ्यापुढे कुणाचं चालेना. तिसऱ्या दिवशी डोंगर काळाठिक्कर पडला होता. फक्त मधल्या ओढ्याची घळ तेवढी हिरवी राहिली. जांभळं, उंबर, करंज, दोन जुने आंबे आणि खाली ओल धरून राहिलेला पाचोळा. आग दोन्ही बाजूंनी आली आणि घळीच्या तोंडाशी थांबली.

त्या घळीत चार दिवस जत्रा भरली होती म्हणा ना. डोंगरातले ससे, रानकोंबड्या, एक भेकर, सगळी तिथे येऊन राहिली. आम्हा पोरांना हा आयता खजिना वाटला. काठ्या घेऊन आम्ही घळीत उतरलो. किती ससे मारले ते मी इथे सांगत नाही.

पुढच्या महिन्यात आमच्या घरी तात्या आले. शेजारचे, अब्बांपेक्षा दहा वर्षांनी मोठे. म्हणाले, “मुलाणी, डोंगर तर गेलाच. आता ही चार झाडं राखून काय करायचंय? पावसाळ्याचं सरपण तरी होईल.” अब्बा ‘बघू तात्या’ म्हणाले. दादी चुलीपाशी बसली होती. ती तिथूनच म्हणाली, “वो बियाना है रे. बियाना कूटके खाते क्या?”

दुष्काळ पडला, घरात दाणा उरला नाही, तरी बियाण्याच्या कणगीला हात लावायचा नाही, हा शेतकऱ्याच्या घरातला नियम. दादीने तो घळीला लावला. पण चुलीपाशी बसून बोललेलं कोण ऐकतो? अब्बांनी कुऱ्हाड उचलली. तात्यांनी उचलली. मग गावाने उचलली. सरपणाच्या मोळ्या डोक्यावरून आणणाऱ्यांत मी होतो. त्या वर्षी आमच्या घरी पावसाळाभर चूल चांगली पेटली. तो डोंगर मात्र अजून गवताचाच आहे आणि जवळजवळ दरवर्षी जळतो.

हे सगळं मी विसरून गेलो होतो. बी.ए. झालो, नोकरी केली, कविता लिहिल्या. आम्हा कवींना राखेतून उठणारा पक्षी फार आवडतो. मीही त्याला दोन-चार वेळा राबवला आहे. सगळं जळून जावं आणि राखेतून नवं उभं राहावं, हे ऐकायला बरं वाटतं. ही कल्पना निम्मीच खरी आहे, हे मला एका परक्या देशातल्या डोंगराने शिकवलं.

माझी मुलगी मेलबर्नला असते. २०२३ साली मी तिच्याकडे गेलो होतो. एका रविवारी जावयाने आम्हाला शहरापासून शंभर-एक किलोमीटरवरच्या मेरिसव्हिल नावाच्या गावी नेलं. टुमदार, नवंकोरं गाव. सगळं इतकं नवं का, असं मी विचारलं तेव्हा मुलगी म्हणाली, “अब्बा, हे गाव २००९ मध्ये जवळजवळ पूर्ण जळालं होतं.”

७ फेब्रुवारी २००९. ऑस्ट्रेलियात तो ऐन उन्हाळा. त्या दिवशी मेलबर्नमध्ये पारा ४६.४ अंशांवर गेला होता आणि वारा सोसाट्याचा होता. व्हिक्टोरिया राज्यात ठिकठिकाणी आगी लागल्या, १७३ माणसं गेली, सुमारे साडेचार लाख हेक्टर जळालं. तिथले लोक त्या दिवसाला ‘काळा शनिवार’ म्हणतात. त्याच्या सत्तर वर्षं आधी, १३ जानेवारी १९३९ ला, याच डोंगरांत ‘काळा शुक्रवार’ झाला होता. तेव्हा ७१ माणसं गेली आणि जवळपास वीस लाख हेक्टर जमीन जळाली.

मेरिसव्हिलच्या वरच्या डोंगरात गेलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरीफटक पडलेली मेलेली खोडं हजारोंनी उभी होती आणि त्यांच्यामधून हिरवं, दाट, एकाच उंचीचं तरुण रान वर येत होतं. मला माझा पक्षी आठवला. मी म्हटलं, “वा! राखेतून उठलं की सगळं.” जावई इंजिनिअर असला तरी रानावनात हिंडणारा आहे. तो म्हणाला, “झाडं उठली, मामा. रान अजून उठायचंय.” मग त्याने एक घळ दाखवली. तिथे मात्र वेगळंच जग होतं. माणसाच्या दुप्पट उंचीची झाडासारखी नेची, शेवाळाने माखलेली म्हातारी झाडं, खाली झुळझुळणारं पाणी. मला आमची घळ आठवली आणि त्या दिवशी मी पुढे फार बोललो नाही. परत आल्यावर मात्र मिळेल ते वाचायला लागलो.

त्या डोंगरांतलं मुख्य झाड म्हणजे एक प्रकारचं निलगिरी. तिथे त्याला ‘माउंटन अ‍ॅश’ म्हणतात. फुलं येणाऱ्या झाडांमध्ये जगातलं सर्वांत उंच झाड हेच. टास्मानियातलं एक झाड तर शंभर मीटरच्या आसपास आहे. या झाडाची आगीशी रीत अजब. साल पातळ, त्यामुळे मोठ्या आगीत झाड मरतं. पण शेंड्यावरच्या बोंडांत बी साठवलेलं असतं. आग गेल्यावर ते बी गरम राखेवर पडतं आणि रोपं अशी उगवतात की पाय ठेवायला जागा मिळू नये. इथवर आमचा राखेतला पक्षी खरा आहे.

पण या हिशेबात दोन अटी आहेत. पहिली म्हणजे रोप साधारण वीस वर्षांचं होईपर्यंत त्याला पुरेसं बी धरत नाही. त्याआधी पुन्हा आग आली तर बियाणं शून्य. मग जवळचं न जळलेलं झाड हाच आधार. दुसरी अट अधिक कठीण आहे. ती समजण्यासाठी एका छोट्या प्राण्याची गोष्ट ऐकावी लागेल.

लेडबीटर्स पॉसम असं त्याचं नाव. आकाराने आपल्या खारीएवढा, वजन सव्वाशे-दीडशे ग्रॅम. कांगारूसारखी पिल्लाला पिशवीत वाढवणारी जात. रात्री बाहेर पडतो, बाभळीच्या कुळातल्या झाडांचा डिंक आणि किडे खातो, आणि दिवसा सगळं कुटुंब झाडाच्या ढोलीत झोपतं. हा प्राणी १९०९ नंतर कुणाला सापडला नव्हता. त्यातच १९३९ ची आग झाली. संपला असंच सगळे धरून चालले होते. आणि १९६१ च्या एप्रिलमध्ये एरिक विल्किन्सन नावाच्या वन्यजीव खात्यातल्या माणसाला मेरिसव्हिलजवळच्या रानात रात्री विजेरीच्या उजेडात तो दिसला. पुढे १९७१ मध्ये व्हिक्टोरियाने त्याला राज्यप्राण्याचा मान दिला.

आता साधा विचार करा. वीस लाख हेक्टर जळाल्यावर हा खारीएवढा जीव तगला कुठे? राखेतून पॉसम उगवत नाही. कुठेतरी जळायचं राहिलेलं, किंवा नुसतंच होरपळलेलं रान होतं, म्हणून तो १९६१ साल बघू शकला. आणि नंतर त्याला राहायला मिळाल्या त्या जुन्या झाडांच्या ढोली, काही जिवंत झाडांच्या आणि काही १९३९ ला मरून उभ्या राहिलेल्या खोडांच्या.

दुसरी अट ती हीच. या निलगिरीला राहण्याजोगी ढोली पडायला सव्वाशे-दीडशे वर्षं लागतात. आगीनंतर पन्नास वर्षांत रान उंच होतं, फोटोत देखणं दिसतं, पण त्यात घर एकही नसतं. २००९ नंतर अभ्यासकांनी पाहिलं, तर जळालेल्या ठिकाणी हा पॉसम दिसेना. जिथे आग गेली नाही तिथेच तो उरला होता. २०१५ पासून त्याची नोंद अतिधोक्यातल्या प्राण्यांत आहे. उद्या लावलेलं झाड त्याच्या कामाला येईल ते दोन हजार दीडशे-पावणेदोनशे साली. मधल्या काळात त्याची सगळी भिस्त न जळलेल्या म्हाताऱ्या झाडांवर.

मग प्रश्न येतो की आग काही तुकडे सोडते का? लांबून वाटतं की आग सगळं सरसकट खाते. तसं नसतं. १९८८ साली अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात मोठी आग लागली. सुमारे आठ लाख एकर, म्हणजे उद्यानाचा ३६ टक्के भाग तिच्या तावडीत आला. टीव्हीवर लोकांनी पाहिलं की यलोस्टोन संपलं. नंतर विमानातून पाहिलं तर गोधडीसारखा नकाशा निघाला. कुठे पूर्ण काळं, कुठे फक्त जमीन भाजलेली, कुठे हिरवंगार.

याची कारणं आपल्या शेतकऱ्यालाही ठाऊक असतात. आग चढावर पळते आणि उतारावर रेंगाळते. जिथे ओल आहे, सावली आहे, तिथे तिला खायला सुकं मिळत नाही. खडक आडवा आला की तिची वाट तुटते. रात्री हवेत दमटपणा वाढतो आणि ती मंदावते. ऐन वेळी वारा फिरला तर समोरचं रान वाचतं. म्हणजे काही तुकडे जागेच्या पुण्याईने वाचतात आणि काही निव्वळ नशिबाने. नशिबाने वाचलेला तुकडा पुढच्या वेळी वाचेलच असं नाही. पण घळ, ओढा, खडकाची सावली या जागा पुन्हा पुन्हा वाचतात. म्हणून सर्वांत म्हातारी झाडं बहुधा अशाच ठिकाणी सापडतात.

हे तुकडे काय काम करतात? काळाच्या क्रमाने सांगतो. आगीच्या वेळी ते आसरा देतात. पुढच्या काही महिन्यांत चारा, फुलं, लपायला जागा त्यांच्याकडेच असते, बाकी सगळी राख. ओढ्याकाठचं रान वाचलं असेल तर पाण्यावर सावली राहते, आणि पहिल्या पावसात वरून येणारी राख नि माती मुळांशी थोडी अडते. त्यानंतरच्या वीस-तीस वर्षांत त्यांच्याकडून बी येतं. ज्या झाडांचं बी राखेत टिकत नाही, फार लांब उडतही नाही, त्यांना हाच एक मार्ग. थोडं बी वाऱ्याने जातं, थोडं पाखरांच्या विष्ठेतून. जमिनीतली मुळांशी नातं ठेवणारी अळंबी खाणारे छोटे प्राणी तिचंही बी असंच पसरवतात. आणि शंभर-दोनशे वर्षांच्या हिशेबाने पाहिलं तर ढोल्या, जुनी वाण, जुन्या सवयींचे जीव याच तुकड्यांत टिकतात. जळालेलं रान शेजारच्या न जळालेल्या रानाकडून एकेक वस्तू उसनी घेत घेत उभं राहतं, एखादं नवं बिऱ्हाड शेजाऱ्याकडून विरजण आणि विस्तव मागून घेतं तसं.

पण श्रोतेहो, हा शेजारी आगीनंतरच सर्वांत जास्त धोक्यात असतो.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला कांगारू बेट आहे. डिसेंबर २०१९ आणि जानेवारी २०२० मध्ये या बेटाचा जवळपास निम्मा भाग जळाला. तिथे डनार्ट नावाचा एक उंदरासारखा प्राणी आहे, वजन वीस-पंचवीस ग्रॅम. तोही पिशवीवालाच, आणि तो फक्त याच बेटावर आढळतो. त्याचं नव्वद टक्क्यांहून अधिक रान जळालं. उरलेल्या तुकड्यांत कॅमेरे लावले तेव्हा डनार्ट दिसला. सगळ्यांना आनंद झाला. पण त्याच कॅमेऱ्यांत रानमांजरंही दिसली. युरोपियांनी आणलेली, रानटी झालेली मांजरं. उघड्या पडलेल्या राखेतून चालत ती शेवटच्या हिरव्या तुकड्यांपर्यंत आली होती. २०२० मध्ये तिथे पकडलेल्या ८६ मांजरांची पोटं तपासली तेव्हा ७ मांजरांच्या पोटांत मिळून ८ डनार्टचे अवशेष मिळाले. ज्या प्राण्यासाठी माणसं महिनोन्‌महिने कॅमेरे लावून बसली होती, त्याचे हे आठ. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येकडच्या किंबर्ली भागात तर मांजरं ताज्या जळालेल्या रानात शिकारीसाठी बारा किलोमीटरांहून लांब चालत गेल्याचं अभ्यासकांनी नोंदवलं आहे.

हे वाचताना मला आमच्या हातातल्या काठ्या आठवल्या. मांजराला तरी भूक होती.

कांगारू बेटावर ऑस्ट्रेलियन वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने आणि तिथल्या जमीनमालकांनी एक साधं काम केलं. न जळलेल्या एका तुकड्याला तातडीने मांजर शिरणार नाही असं कुंपण घातलं, आधी सुमारे चौदा हेक्टरांना आणि पुढे वाढवून ३७० हेक्टरांच्या आसपास. आधी उरलेलं राखलं, बाकीचं मागाहून.

माणसाची कुऱ्हाड हा दुसरा धोका. १९३९ नंतर व्हिक्टोरियात जळालेली झाडं काढण्याचं काम दहा वर्षांहून अधिक चाललं. सडून जाण्यापेक्षा लाकूड कामी येईल, हा विचार आमच्या तात्यांचाच. त्यात ढोल्यांची झाडं गेली. २००९ नंतरही तोड चालू राहिली आणि रान कमी झाल्यामुळे उरलेल्या रानावरचा भार वाढला, हा डेव्हिड लिंडनमायर यांच्यासारख्या, तिथे १९८३ पासून काम करणाऱ्या शास्त्रज्ञांचा आक्षेप होता. सरकार, लाकूडतोडे, गिरणीत काम करणारी कुटुंबं आणि निसर्गप्रेमी यांच्यात वर्षानुवर्षं भांडण चाललं. शेवटी १ जानेवारी २०२४ पासून व्हिक्टोरियातल्या सरकारी मालकीच्या नैसर्गिक रानातली व्यापारी तोड बंद झाली. ज्यांची रोजी गेली त्यांचं दुःखही खरं आहे. उरलेलं राखायचं तर कुणाच्या तरी चुलीला त्याची झळ लागते. आमच्या घळीच्या वेळीही सरपणाची गरज खोटी नव्हती.

तिसरा धोका हवामानाचा. फार मोठा दुष्काळ आणि फार उष्ण वारा एकत्र आले तर घळीही सुकतात आणि आगीला आडकाठी राहत नाही. २०१९-२० च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियात कधी न जळणारी ओली रानंही पेटली. तेव्हा काही ठिकाणी माणसाला स्वतःच आडवं उभं राहावं लागलं. वॉलेमाय पाइन नावाचं अतिप्राचीन कुळातलं झाड १९९४ साली सिडनीजवळच्या डोंगरातल्या खोल घळीत सापडलं होतं. नैसर्गिक रानात त्याची प्रौढ झाडं शंभराहूनही कमी. २०२० च्या जानेवारीत हेलिकॉप्टरमधून माणसं त्या घळीत उतरवली, पाण्याची व्यवस्था केली, विमानांनी आग रोखणारं रसायन टाकलं. बहुतेक झाडं वाचली.

याचा अर्थ आग म्हणजे वैरीच, असं मी म्हणत नाही. ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी हजारो वर्षं थंड दिवसांत लहान लहान तुकडे जाळत आले. एक जाळायचा, शेजारचा राखायचा. मग उन्हाळ्यात मोठी आग आली तरी तिला सलग खायला मिळत नसे. जाळणाऱ्याला काय जाळू नये हे ठाऊक होतं, त्यातच सगळं आलं.

आता आपल्याकडे येऊ. तिथलं सगळं इथे जसंच्या तसं लागू होत नाही. आपली बरीच रानं पानगळीची. आपला वणवा बहुतेक वेळा जमिनीवरचा, पाला-गवताचा. साग, ऐन, पळस अशी झाडं जाड सालीमुळे तगतात किंवा मुळातून फुटतात. पण खालची रोपं जातात, पाचोळा जातो, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांची घरटी जातात. दरवर्षी वणवा लागला तर म्हातारी झाडं उभी दिसतात, पण त्यांच्या जागी येणारं तरुण झाड एकही नसतं. आणि आपल्याकडचे वणवे बहुतेक माणसानेच लावलेले. नवं गवत फुटावं म्हणून, मोहाखालचा पाला जाळून फुलं वेचायला सोपं जावं म्हणून, किंवा नुसती विडी टाकल्यामुळे.

वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानतं आणि त्याआधी जाळरेषा काढतं. ते काम मोलाचं आहे. मला त्याला एक छोटी पुरवणी जोडावीशी वाटते. प्रत्येक गावाने आपल्या डोंगरात कधीच न जळणारे तुकडे कुठले, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवावं. पाणवठा, घळ, देवराई. देवाच्या भीतीने का होईना, आपल्या देवराया अशा राखीव बियाण्यासारख्या टिकल्या आहेत. जाळरेषा काढताना पहिली या तुकड्यांभोवती काढावी. आणि वणवा लागून गेलाच, तर पुढची दोन-तीन वर्षं त्या हिरव्या तुकड्यात कुऱ्हाड, गुरं आणि पोरांच्या काठ्या जाऊ देऊ नयेत. झाडं लावायचा उत्साह असेल तर खुशाल लावावीत, पण आधी उरलेली राखावीत. लावलेलं रोप जगेल की नाही याची खात्री नसते. उरलेलं झाड आगीतून पास झालेलं असतं.

गेल्या मार्चमध्ये गावी गेलो होतो. अब्बा नाहीत, तात्या नाहीत, दादी तर कधीचीच गेली. पुतण्याला घेऊन घळीत उतरलो. आंबे गेले ते गेलेच. पण दोन जांभळांच्या जुन्या बुंध्यांतून फुटवे आलेले दिसले, मनगटाएवढे जाड. दरवर्षी शेळ्या शेंडे खातात, म्हणून वर जात नाहीत. पुतण्या म्हणाला, “चाचा, ही झाडं इथे आहेत हे मला माहीतच नव्हतं.” मी त्याला ससे आणि मोळ्या, सगळं सांगितलं. दादीचं वाक्यही सांगितलं.

पुढच्या रविवारी तो आणि तात्यांचा नातू आणखी चार पोरं घेऊन गेले. जांभळांभोवती दगडांचा कमरेएवढा बांध रचला आणि भोवतीचं गवत कापून दोन हातांची मोकळी पट्टी ठेवली. एका दिवसाचं काम. ही जांभळं धरतील तेव्हा मी असेन-नसेन. पण यंदा होळीनंतर डोंगर पुन्हा पेटला, तेव्हा पुतण्याचा फोन आला. किती जळालं हे त्याने सांगितलंच नाही. म्हणाला, “चाचा, घळीतली दोन्ही आहेत.”